मागच्या तारखेची पाहणी

हैदराबाद, उप्पल रोड : आज

तुमच्या हातातल्या फाईलवर लिहिलंय, 'भूकंपोत्तर पाणी, स्वच्छता व निवारा : अंतिम मूल्यमापन'. आत छापील फॉर्म. गरजेशी सुसंगती, परिणामकारकता, काटकसर, दूरगामी प्रभाव आणि टिकाऊपणा अशा पाच कसोट्या, आणि प्रत्येकीपुढे एक रिकामी चौकट. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने 1991 मध्ये या कसोट्या ठरवल्या. 2019 मध्ये सहावी कसोटी जोडली जाईपर्यंत जगभरचे मदत-प्रकल्प याच गाळणीतून जात राहिले; तुमचा फॉर्म त्याआधीचा आहे.

पाहणीचं गाव किल्लारी. जिल्हा लातूर, तालुका औसा.

काम तुमच्याकडे का आलं हे उघड आहे. तुम्ही काचीगुड्यात वाढलात. घरात मराठी, गल्लीत दखनी, दुकानात तेलुगू. शिवाय औसा, निलंगा, उमरगा हा सगळा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. तिकडचे जुने जमिनीचे कागद अजूनही उर्दूत सापडतात आणि ते वाचून घ्यायला लोक या शहरात येतात. तुम्ही ज्या फाटकासमोर उभे आहात ती 'नॅशनल जिओफिजिकल रिसर्च इन्स्टिट्यूट'. देशाच्या जमिनीची नाडी 1961 पासून इथे तपासली जाते. 1993 च्या भूकंपात किल्लारीखाली काय झालं याचा शोधही याच आवारातल्या लोकांनी घेतला.

मूल्यमापन करणाऱ्याची एक जुनी अडचण असते. तो कायम उशिरा पोहोचतो. संकटाआधीचं गाव त्याने पाहिलेलं नसतं, त्यामुळे 'आधी' या रकान्यात तो लोकांच्या आठवणी भरतो. आणि प्रकल्पाचे पैसे संपले की त्याला परत बोलावलं जातं, म्हणून 'नंतर' या रकान्यात भविष्याबद्दलच्या सदिच्छा भरतो. आज तुम्हाला दोन्ही बाजूंनी मोकळीक आहे. तारखा तुम्हीच निवडायच्या. अट एकच: प्रत्येक तारखेला तेच तीन प्रश्न विचारायचे. पाणी कुठून येतं, संडासला कुठे जाता, आणि डोक्यावर काय आहे?

किल्लारी : 27 सप्टेंबर 1993, सोमवार

गौळीगुड्याच्या बसस्टँडवरून, निजामाच्या काळातल्या त्या भल्यामोठ्या लोखंडी हँगरखालून तुम्ही बस धरता. जहीराबाद, हुमनाबाद, मग उमरगा. एके काळी एकाच राज्यात असलेली ही वाट आता आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा तीन राज्यांतून जाते. उमरग्याला उतरून नारंगवाडीच्या वाटेने तेरणा नदी ओलांडलीत की किल्लारी.

गणपती बसलेले आहेत. विसर्जनाला दोन दिवस उरलेत. मंडपात पोरांची गडबड चालू आहे आणि लाऊडस्पीकरवर तीच कॅसेट तिसऱ्यांदा लागली आहे. खरीप बरं आहे. तुम्ही फॉर्म काढता.

पाणी: हापसे आणि आड. सकाळी रांग, दुपारी सामसूम. रांगेत भांडणं होतात, सोयरिकीही ठरतात. 1993 च्या सरकारी हिशेबाने खेड्यातल्या माणसाला दिवसाला 40 लिटर पाणी मिळायला हवं. इथे घागरी मोजल्या तर मार्च-एप्रिलमध्ये तेवढं भरत नाही, सप्टेंबरमध्ये भरतं.

संडास: गोदरी, म्हणजे उघड्यावर. बायका पहाटे अंधारात आणि रात्री जेवणं उरकल्यावर जातात. याबद्दल तुम्ही थेट विचारलंत तर उत्तर मिळत नाही, पदर तोंडाशी जातो. सोबतीची बाई विचारते तेव्हा कळतं की पावसाळ्यात साप आणि उन्हाळ्यात लांबची वाट, या दोन तक्रारी सगळ्यांच्या आहेत.

घर: इथे तुम्ही जरा जास्त वेळ थांबा. एका वाड्याच्या ओसरीत तुम्हाला पाणी दिलं जातं. तांब्या खाली ठेवून भिंतीवर तळहात टेकवा. बाहेर ऊन तापलंय, भिंत गार आहे. दोन-अडीच फूट जाडीची. बाहेरचा थर नीट बसवलेल्या दगडांचा, आतला थरही दगडांचा, आणि दोन्हींच्या मधे गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना एकमेकांत अडकवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड तुम्हाला कुठेच दिसत नाही. वर बघा. सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर माळवद. पांढऱ्या मातीचा थर दीड-दोन फूट. दर वर्षी पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून वर नवी माती पसरायची, ती चोपून बसवायची. आजोबांची माती, वडिलांची माती, यंदाची माती. छपराचं वजन पिढ्यान् पिढ्या वाढत गेलं आहे आणि ते वाहणारे लाकडी खांब मात्र तेवढेच आहेत.

"हादरे बसले होते ना गेल्या वर्षी?" तुम्ही विचारता.

"बसले की. दिवाळीच्या आधी लई बसले. लोक बाहेर झोपत होते रानात. मग थांबले." म्हातारबाबा हसतात. "आता कुठवर बाहेर झोपायचं?"

ते खरं आहे. 1992 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत या भागात जमीन पुन्हा पुन्हा हलली. 18 ऑक्टोबरचा धक्का त्यातला मोठा. पण दख्खनचं पठार म्हणजे देशातली सर्वांत स्थिर जमीन, असं शाळेच्या पुस्तकापासून नकाशापर्यंत सगळीकडे छापलेलं होतं. तुम्हाला तारीख माहीत आहे. ती सांगायची परवानगी या प्रवासात नाही. तुम्ही फक्त 'आधी' हा रकाना भरता: पाणी अपुरं पण हाताशी, संडास नाही, घर प्रशस्त, गार आणि जीवघेणं.

हैदराबाद, काचीगुडा : 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं

या रात्री तुम्ही तिकडे थांबायचं नाही. तुम्ही आपल्या घरी आहात. पलंग हलतो, मांडणीवरचे डबे वाजतात, पंखा बंद असून झुलतो. गल्लीत लोक बाहेर येतात. कुणी म्हणतं मालगाडी गेली असेल, काचीगुडा स्टेशन जवळच आहे. चंद्र पौर्णिमेचा, आता पश्चिमेला कललेला. थोड्या वेळाने लोक परत झोपतात.

अडीचशे किलोमीटरवर अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमलेली माणसं घरात झोपली होती. 6.2 ते 6.4 रिश्टरचा धक्का. आकडा जगाच्या मानाने मोठा नाही, पण केंद्र उथळ होतं आणि त्याच्या डोक्यावर माळवदाची गावं होती. भिंतींचे दोन थर फाकले, मधला चिखल-गोटा कोसळला, आणि पिढ्यांची माती खाली आली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, पेठसांगवी, तळणी. सरकारी नोंदीप्रमाणे 7,928 माणसं गेली, सुमारे 16 हजार जखमी झाली. जिथे लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला, तिथे भिंती पडूनही काही माणसं वाचली. ही बारीक गोष्ट तुम्ही वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

सकाळी रेडिओवर बातमी येते. दुपारपर्यंत या शहरातल्या मराठी घरांतून फोन लागत नाहीत म्हणून माणसं थेट गौळीगुड्याला निघालेली असतात.

फॉर्मवर या तारखेसाठी चौकट नाही. पण शहर तुम्हाला एक जुना दाखला देतं. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदी या शहरात घुसली. सुमारे 15 हजार माणसं वाहून गेली असं मानतात. दुसऱ्या वर्षी अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. त्यांनी सांगितलं की शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवा, आणि शहराला मलनिःसारण द्या. उस्मानसागर पुरा झाला 1920 मध्ये, हिमायतसागर 1927 मध्ये. 1910 मध्ये कुणी मूल्यमापन केलं असतं तर त्याने तंबू आणि अन्नछत्रं मोजून घेतली असती. हैदराबादने पुराला दिलेलं खरं उत्तर त्याला दिसलंच नसतं, कारण ते अजून बांधलंच गेलं नव्हतं.

किल्लारीजवळ : एप्रिल 1994

पत्र्याच्या शेडची वसाहत. दुपारी दोन. दाराच्या कडीला हात लावलात तर चटका बसतो. आतली माणसं बाहेर झाडाखाली, आणि झाड एकच.

तुमच्या खिशात 'स्फिअर' नावाची पुस्तिका आहे. संकटात सापडलेल्या माणसाला कमीत कमी काय मिळायला हवं याचे आकडे तिच्यात आहेत. माणशी दिवसाला 15 लिटर पाणी. पाण्याची जागा 500 मीटरच्या आत. एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसं. वीस माणसांमागे एक संडास. माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर. ही पुस्तिका तुम्ही या लोकांना दाखवू नका. तिचं काम 1997 मध्ये सुरू झालं. इथल्या अधिकाऱ्यांकडे आज असा कोणताही गज नाही. त्यांनी वसाहती उभ्या केल्या आहेत त्या अंदाजाने आणि धावपळीने.

तरी तुम्ही मोजता. पाणी टँकरने येतं आणि टाक्यांत पडतं. शेड अरुंद आहे पण आहे. आकड्यांच्या भाषेत वसाहत काठावर पास होईल. संडासांपाशी आकडे लंगडे पडतात. रांगेने बांधलेले आहेत, पण त्यांच्याकडे जाणारी पायवाट गवताने झाकली आहे. पायवाटेवर गवत कधी उगवतं? कुणी चालत नाही तेव्हा. एक तरुण सून, जी भूकंपाच्या वेळी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि म्हणून वाचली, ती सांगते:

"तिथं दिवा न्हाई, पाणी न्हाई. गडीमाणसं समोरच बसत्यात. कसं जावं?"

दिवा, पाणी, आडोसा. एवढ्या तीन गोष्टींवर त्या रांगेचा खर्च वाया गेला. तुम्ही फॉर्मवर 'उपलब्ध' या शब्दापुढे खूण करता आणि त्याखाली हाताने एक जादा रकाना आखता: 'वापरात'.

हैदराबाद, परत उप्पल रोड : 1990 च्या दशकाचा मधला काळ

जरा वेळ या आवारात या. टेबलांवर लांबट पेट्या आहेत, पेट्यांमध्ये दगडाच्या नळकांड्या. किल्लारीच्या भेगेपाशी खणलेल्या छिद्रातून या बाहेर आल्या. 617 मीटर खोल. वरचे 338 मीटर काळा बेसॉल्ट, दख्खनच्या ज्वालामुखीचा. खाली अब्जावधी वर्षांचा जुना खडक. पाहणीत निघालेली गोष्ट अशी की हा भूकंप इथला पहिला नव्हता. जुना खडक याआधीही सरकलेला होता.

याचा तुमच्या फॉर्मशी काय संबंध? हाच, की 'पुन्हा होणार नाही' असं धरून कोणतंही घर बांधता येणार नाही. मराठवाड्यातलं प्रत्येक माळवद संशयित आहे. त्यामुळे प्रश्न उद्ध्वस्त झालेल्या बावन्न गावांपुरता राहत नाही. माकणीच्या निम्न तेरणा धरणाने भूकंप आणला का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. ती बाजूला ठेवा. घर पाडणारं कारण तुम्ही 27 सप्टेंबरला तळहाताने तपासलंत.

नवी किल्लारी : 1997

दगडी गाव जाऊन सिमेंटचं गाव आलंय. राज्य सरकारच्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमाला जागतिक बँकेने 24.6 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. बावन्न गावं जुन्या पांढरीवरून उचलून नव्या जागी बसवली गेली. देशभरातल्या संस्था, उद्योग, वर्तमानपत्रं यांनीही एकेक गाव दत्तक घेतलं. मल्याळम वाचकांच्या पैशातून मल्याळा मनोरमाने बाणेगाव बांधलं. गुबाळमध्ये घुमटाकार घरं उभी राहिली, लांबून पाहणाऱ्याला हे मराठवाड्यातलं गाव आहे असं वाटणार नाही.

रस्ते आखीव, काटकोनात. घर मिळालं ते जमिनीच्या प्रमाणात: भूमिहीनाला 250 चौरस फूट, बड्या शेतकऱ्याला 750. सारख्या आकाराची घरं एका ओळीत. म्हणजे ज्यांची जमीन सारखी ते शेजारी झाले आणि ज्यांची भिंत एक होती ते चार गल्ल्या पलीकडे गेले.

तुम्ही एका घरात जाता. भिंत सहा-नऊ इंची, ठोकून पाहा, पक्की. भिंतीत काँक्रीटचा आडवा पट्टा आहे, वर स्लॅब आहे. इथे 30 सप्टेंबर पुन्हा आला तर माणूस मरणार नाही. निवाऱ्याच्या चौकटीत तुम्ही समाधानाने खूण करता. मग घरधनी तुम्हाला मागे नेतो.

"बैल कुठं बांधू ते सांगा साहेब. कणगी कुठं ठेवू? वाड्यात चार खण नुसते धान्याला होते."

साहेब म्हणजे तुम्ही. तुमच्याकडे उत्तर नाही. बैल बांधलेत ते पुढच्या रस्त्यावर, म्हणून आखीव रस्ता निम्मा झालाय. शेत जुन्या गावाला लागून होतं, आता दोन-तीन किलोमीटर लांब.

घराबरोबर संडासही दिलाय. दाराला कडी आहे. उघडा. आत गोवऱ्या, नीट रचलेल्या, छतापर्यंत. शेजारच्या संडासात कडबा. तिसऱ्यात जुनी ट्रंक आणि पाटा-वरवंटा. घरातली बाई हसत म्हणते, "एवढी चांगली कोरडी जागा, वाया कशाला घालावी?"

हिला अडाणी ठरवून पुढे जाऊ नका. हिशोब करा. संडास वापरायचा तर दर वेळी बादलीभर पाणी. पाणी चौकातल्या नळाला, तेही एक दिवसाआड. चार गल्ल्यांवरून आणलेली बादली ती स्वयंपाकाला वापरेल की इकडे ओतेल? शिवाय इथली जमीन काळी, पावसात फुगणारी. शोषखड्ड्यातलं पाणी तिच्यात मुरत नाही, वर येतं. पाणी, स्वच्छता आणि निवारा असे तीन विभाग कार्यालयात वेगळे असतात, तीन अधिकारी असतात, तीन निधी असतात. या बाईच्या घरात ते तिन्ही एका बादलीत येतात.

आणि गाव पसरलंय. जुनं गाव दाट होतं. नव्या गावात तेवढ्याच माणसांना कित्येक पट लांब रस्ता, लांब पाईप, लांब गटार. घरपट्टी भरणारी माणसं तीच. वीस वर्षांनी या पाईपची दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न आत्ता कुणी विचारत नाही, कारण पाईप नवे आहेत.

औसा तालुक्यातलं एक गाव : त्याच वर्षी

इथे रिबन नाही, दात्याची पाटी नाही. हे गाव उठवलेलं नाही, कारण इथे घरं पडली नाहीत, तडकली. अशी गावं दोन हजारांहून जास्त आणि घरं जवळपास दोन लाख. वर्तमानपत्रात यांचे फोटो आले नाहीत. पण कार्यक्रमातला आकड्याने सर्वांत मोठा भाग हाच.

एका घरासमोर घोळका आहे. गवंडी शिडीवर. माळवदावरची माती उतरवून ढीग केलाय, वर फक्त पातळ थर ठेवायचाय. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरलं जातंय. बाहेरचा थर आणि आतला थर आता एकमेकांना धरून राहतील. तुळई जिथे खांबावर टेकते तिथे तिरपे आधार ठोकलेत, म्हणजे सांगाडा डुलला तरी मोडायचा नाही. पडलेल्या गावांत लाकडी सांगाड्याने माणसं वाचवली होती. ती वहीतली नोंद काढा. इथे तीच गोष्ट जाणूनबुजून केली जात आहे.

गवंड्याला प्रश्न विचारतेय ती गावचीच बाई. तिच्या हातात वही आहे. 'संवाद सहायक' हे तिचं पद. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने हजाराहून जास्त गावांत बायकांना या कामावर नेमलं. कुणाचा हप्ता बँकेत आला, कुणाचा अडला, सिमेंटचं पोतं ओलं निघालं का, गवंडी आरपार भोकं नीट पाडतोय का, हे सगळं ती बघते.

"आधी घरातल्यांनी म्हटलं, बाईमाणसाला गवंडीकामातलं काय कळतंय," ती सांगते. "मी म्हटलं, भिंतीखाली कोण मेलं? बायाच लई मेल्या. मग भिंत बघायचा हक्क कुणाचा?"

हे वाक्य फॉर्मवर कुठे बसवावं हे तुम्हाला सापडत नाही. 'इतर शेरे' मध्ये लिहा. 2001 च्या 26 जानेवारीला भूज हादरेल तेव्हा याच भागातल्या बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांना हे शिकवतील. गुजरात सरकार बहुतेक लोकांना त्यांच्या जुन्या जागीच, त्यांच्याच हाताने, हप्त्याहप्त्याने पैसे आणि इंजिनिअरची तपासणी देऊन घर बांधू देईल. मराठवाड्याने पैसे मोजून घेतलेला हा धडा गुजरातला जवळपास फुकटात मिळेल.

लातूर आणि किल्लारी : एप्रिल 2016

लातूर स्टेशनवर गर्दी आहे. दुष्काळ आहे, म्हणून मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वेगाडी आली आहे, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येईल, पंचवीस लाख लिटरची. टीव्हीवाल्यांना डबे हवेत, लोकांना पाणी हवंय.

तुम्ही किल्लारीकडे निघता. भूकंपानंतर इथल्या गावांना माकणीच्या धरणातून पाणी द्यायची तीस खेड्यांची योजना झाली. कागदावर ती उत्तम आहे: धरण, पंप, शुद्धीकरण, जलवाहिनी. पण पंपाला वीज लागते, विजेचं बिल येतं, बिल पंचायतींनी भरायचं, पंचायतींनी ते पाणीपट्टीतून काढायचं, आणि पाणी नियमित येत नाही म्हणून पाणीपट्टी कुणी भरत नाही. अशा योजना दुष्काळाने बंद पडण्याआधी थकबाकीने बंद पडतात. यंदा तर धरणातच पाणी नाही.

लोक काय करतात? 1993 मध्ये जे करत होते तेच. हापसा. फरक एवढाच की पाणी खोल गेलंय आणि हापशाचा दांडा जड झालाय.

संडासाच्या चौकटीत मात्र आज तुम्हाला बदल दिसतो. गोवऱ्या गेल्या आहेत. 2000 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, 2014 मध्ये स्वच्छ भारत. पण ट्रंकवाल्या घरातली सासू वेगळं कारण सांगते: "सून बारावी शिकलेली आणली. तिनं पहिल्याच दिवशी ट्रंक बाहेर काढली." ज्या प्रकल्पाने ते संडास बांधले तो 1998 मध्ये संपला. त्याच्या अंतिम अहवालात हे यश येणं शक्यच नव्हतं. आणि नुसते बांधलेले संडास मोजले तर अपयशही दिसलं नसतं.

नवी किल्लारी : आज

आता शेवटची पाहणी. 1997 मध्ये ज्या घरात गेलात तेच घर. म्हातारे घरधनी गेले. मुलगा आहे, त्याचे दोन मुलगे आहेत. 1993 नंतर जन्मलेली ही पिढी आता स्वतः बाप होण्याच्या वयात आहे.

मूळ खोल्या जशाच्या तशा उभ्या आहेत. पण कुटुंब वाढलं, म्हणून मागे एक खोली काढली आहे आणि बाजूला एक. तुम्ही जिथे जुनी भिंत संपते आणि नवी सुरू होते तिथे जाऊन उभे राहा. सांध्यात बोट घालून पाहा. बोट आत जातं. दोन भिंतींमध्ये सळई नाही, दात नाहीत, फक्त वरून गिलावा. नव्या खोलीला पट्टा नाही. वर पत्रे, आणि पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवलेत. चांगले मोठे, जुन्या गावातून आणलेले घडीव दगड.

"पट्टा का नाही टाकला?" तुम्ही मुलाला विचारता.

"खर्च. आणि आता कुठं भूकंप येतोय?"

1993 च्या म्हातारबाबांचंच उत्तर आहे हे, फक्त शब्द वेगळे. घर मजबूत का असतं हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याच्या बापाला ते तयार मिळालं होतं. कंत्राटदाराने बांधलं, किल्ली हातात दिली. औसा तालुक्यातल्या त्या गावी वही घेऊन उभ्या राहिलेल्या बाईच्या मुलाला हाच प्रश्न विचारा. भिंतीत आरपार दगड का लागतो, हे तो घरातच ऐकत वाढला.

निघताना मुलगा आणखी एक फाईल पुढे करतो. घराच्या मालकीच्या कबाल्यासाठी त्याने केलेल्या अर्जांच्या प्रती. या भागात तीस वर्षांनंतरही अनेक घरांचे कबाले नीट झालेले नाहीत. कागद नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून नवी खोली पट्ट्याशिवाय. तुमच्या पाच कसोट्यांपैकी एकीतही या कागदाला जागा नाही, आणि भिंतीतली ती बोटभर फट तर याच कागदापासून सुरू होते.

शेरा

आता चौकटी भरायला घ्या.

निवारा: बावन्न गावांतल्या मूळ घरांनी आपलं पहिलं काम केलं, त्यांना उत्तीर्ण करा. वाढीव खोल्यांना करता येणार नाही. पाणी: पाईप उत्तीर्ण, विजेचं बिल नापास, म्हणून योजना नापास. स्वच्छता: 1997 ला नापास, आज बऱ्यापैकी उत्तीर्ण, श्रेय सुनांचं. आणि सगळ्यांत कमी गाजावाजा होऊन सर्वांत जास्त घरं सुरक्षित करणारा भाग म्हणजे दुरुस्ती-मजबुतीकरण, कारण तिथे पैशाबरोबर ज्ञानही लोकांच्या हातात गेलं.

हे चारही निकाल 1998 मध्ये संपलेल्या प्रकल्पाच्या अहवालात मिळाले नसते. म्हणून पुढचा भूकंप, पूर किंवा दरड जिथे येईल, तिथल्या पुनर्वसनाच्या अंदाजपत्रकात दोन जादा ओळी घाला: दहाव्या वर्षीची पाहणी आणि पंचविसाव्या वर्षीची पाहणी, दोन्हींचे पैसे आधीच बाजूला काढून. आणि त्या पाहणीला जाणाऱ्याला एकच सूचना द्या. सरकारने बांधलेली भिंत नंतर बघ, घरमालकाने स्वतः बांधलेली आधी बघ. मदतीतलं किती रुजलं याचा पुरावा तिच्यातच असतो.